कुंडीतली माती आणि लहान रोपांचं पाणी: टोमॅटो-मिरचीची रोपं लावण्याआधी वाचा

गेल्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मिरचीची कुंडी आणून माझ्या दाराशी ठेवली. पानं पिवळी, शेंडा मान टाकलेला. "रोज सकाळी एक तांब्या घालते हो, एक दिवस चुकवलेला नाही." कुंडी आडवी करून रोप बाहेर काढलं. तळच्या तीन बोटं मातीला गटाराचा वास येत होता. तिथली मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटायची आणि हातात नुसता दोरा राहायचा. मधोमध नर्सरीच्या काळ्या पिशवीतला मातीचा गोळा होता तसाच होता. तो फोडला तर आतून ठणठणीत कोरडा. एकाच कुंडीत रोप बुडालेलंही होतं आणि तहानलेलंही.

ही गोष्ट मी दरवर्षी पाच-सहा कुंड्यांत बघतो. चूक पाण्याची वाटते, पण ती बहुतेक वेळा मातीत असते आणि रोप लावायच्या आधीच झालेली असते. आपण रविवारी रोप आणतो, मग धावपळीत मिळेल ती माती भरतो आणि सोमवारपासून घड्याळ लावून पाणी घालतो. क्रम उलटा हवा: आधी माती, मग कुंडी, मग रोप. खाली टोमॅटो-मिरची धरून लिहिलंय, कारण सुरुवात बहुतेकांची तिथूनच होते. वांगं, तुळस, झेंडू यांनाही हेच लागू पडतं. मोगरा-गुलाबाला थोडा फरक आहे, तो इथे घेत नाही.

## १. पंधरा दिवस आधी: हाताशी असलेली माती ओळखा

बिल्डिंगच्या आवारातली, गावाहून आणलेली, नर्सरीतून "लाल माती" म्हणून पोत्यात मिळालेली, कुठलीही असो, आधी बाटलीत टाकून बघा. काचेची किंवा पारदर्शक बाटली घ्या, तिसरा हिस्सा माती भरा, वरपर्यंत पाणी घाला, दोन मिनिटं खळखळून हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती वाळू. पुढच्या दोनेक तासांत तिच्यावर बसतो तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल आणि वर चिकट थर साचत असेल तर ती चिकणमाती.

निम्म्याहून जास्त थर चिकणमातीचा निघाला तर ती माती कुंडीत एकटी वापरायची नाही. देशावरची काळी माती अशीच असते. शेतात ती सोनं, कारण तिथे तिला खाली खोली आहे आणि मे महिन्यात भेगाळून ती स्वतःला मोकळं करते. बारा इंची कुंडीत तीच माती ओली झाली की लगदा आणि सुकली की वीट. सुकताना ती कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं, भरपूर पाणी झालं.

कोकणातली तांबडी माती निचऱ्याला बरी, पण अन्नाला गरीब आणि आम्ल. तिला शेणखत थोडं सढळ हाताने लागतं.

हे आणू नका: समुद्राची वाळू (मीठ असतं), बांधकामाचा राडारोडा (सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते), न धुतलेली क्रश सँड (तिच्यातली भुकटी माती जाम करते), चुलीची राख घमेलंभर.

## २. मिश्रण: इथे घाई करू नका

माप घमेल्याने घ्या, वजनाने नको. ओलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि कोरडी माती किलोत मोजली तर सगळं गणित चुकतं. कायमच्या कुंडीसाठी माझं माप असं:

- लाल किंवा पोयट्याची माती: २ घमेली
- भिजवून पिळलेलं कोकोपीट: २ घमेली
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत: दीड घमेलं
- भरड (परलाइट म्हणजे पांढरे, हलके खनिज दाणे, भाताचं तूस किंवा हरभऱ्याएवढे फोडलेले विटांचे तुकडे): १ घमेलं
- निंबोळी पेंड: बारा इंची कुंडीमागे एक मूठ

काळीच माती असेल तर ती १ घमेलं आणि भरड २. पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत कोकोपीट कमी करून भरड वाढवा. भर उन्हाच्या गच्चीवर उलटं करा. भाताचं तूस स्वस्त पडतं, फक्त त्यातले चुकार दाणे उगवून येतात, ते उपटून टाका.

बी पेरण्याच्या ट्रेसाठी हे मिश्रण नको. तिथे फक्त कोकोपीट ३ भाग आणि चाळलेलं गांडूळखत १ भाग. आवारातली माती ट्रेमध्ये घातली की तिच्यातली बुरशीही आली, आणि कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात.

कोकोपीटबद्दल थोडं जास्त. ५ किलोची वीट फुगून साधारण ७० लिटर होते. म्हणजे अर्ध्या वीटेची गरज असताना अख्खी बादलीत टाकू नका, रात्रभरात ती बादलीबाहेर येते (मी केलंय, न्हाणीघर धुवायला सकाळ गेली). भुश्यात क्षार असतात. विकत घेताना धुतलेलं, कमी क्षारांचं म्हणजे "लो ईसी" आहे का ते विचारा. काहीही सांगितलं तरी घरी तीनदा धुवा: भरपूर पाण्यात भिजवायचं, जुन्या सुती ओढणीत घालून पिळायचं, पुन्हा पाणी. पाण्याला चहासारखा रंग येतो. तो रंग पूर्ण जाण्याची वाट बघू नका, तीन पाण्यांत काम होतं.

शेणखत पिकलंय का? पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर ते अजून कुजतंय. काड्या ओळखू येत असतील, शेणाचा वास असेल, तर तेही कच्चंच. पिकलेलं खत चहाच्या भुकटीसारखं मोकळं असतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास देतं. शंका असेल तर ओलसर मूठभर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबलं तर महिनाभर सावलीत पडू द्या. कच्च्या खताने कोवळी मुळं भाजतात, शिवाय त्यातून हुमणी येते. पांढरी, जाड, कोयत्यासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी दिसली की वेचून बाहेर काढा. तिच्यासाठीच खत आधी चाळायचं.

सगळं मिसळलं की हलकं पाणी शिंपडून पोत्यात किंवा टबात आठ-दहा दिवस झाकून ठेवा, मध्ये एकदा वरखाली करा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) घालणार असाल तर याच वेळी, खतात मिसळून. त्यासाठी नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं भरून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. नुसतं झाडांना घालायला मात्र नळाचं पाणी थेट चालतं.

मूठ-तपासणी: ओलसर मिश्रण मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर उत्तम. लाडू फुटतच नसेल तर भरड वाढवा. लाडू होतच नसेल तर माती किंवा खत कमी पडलंय.

## ३. कुंडी: भोकं आणि खोली

टोमॅटोला शेवटी बारा इंची कुंडी किंवा १५ ते २० लिटरची ग्रो बॅग लागते, मिरचीला दहा इंची पुरते. पण ट्रेमधलं बोटभर रोप थेट बारा इंचीत लावू नका. एवढीशी मुळं एवढ्या मातीतलं पाणी ओढू शकत नाहीत, माती आठवडा-आठवडा ओली राहते आणि सडते. ट्रेमधून चार इंची पिशवी किंवा दह्याचा रिकामा डबा, आणि तो मुळांनी भरला की मोठी कुंडी.

नवीन प्लॅस्टिकच्या कुंड्यांची भोकं पुष्कळदा पातळ पापुद्र्याने बंद असतात. तापलेल्या खिळ्याने उघडा. मातीची कुंडी असेल तर आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर मिश्रणातलं पाणी तीच पिऊन टाकते.

आता तळाला विटांचे तुकडे आणि खडी घालण्याबद्दल. आपल्या आजीपासून सगळे घालत आलेत, आणि मला माहीत आहे की इथे वाद होणार. पण स्वयंपाकघरातला चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात बुडवा, आडवा धरा, थेंब थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा: खालच्या टोकाने पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतली माती तशीच वागते. तिच्या तळाशी एक ओथंबलेला थर कायम राहतो, आणि माती जितकी उथळ तितका तो मुळांच्या जवळ. तीन इंच खडी घातली की तो थर खडीत उतरत नाही, खडीच्या वर येऊन बसतो. म्हणजे बारा इंची कुंडीची आपण नऊ इंची केली. भोकावर माती अडवायला एक खापरी उपडी ठेवा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाका. तेवढं बास. भरड घालायची ती मिश्रणात.

भरताना माती मुठीने ठेचू नका. कुंडी जमिनीवर दोनदा आपटा, बसेल तेवढी बसू द्या. वर दीड इंच जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी मुरण्याआधीच बाहेर सांडतं आणि आपण "झालं" म्हणून पुढे जातो.

निचरा-तपासणी, रोप लावण्याआधी: भरलेल्या कुंडीत एकदा सावकाश पाणी घालून ती भिजवून घ्या. तासाभराने आणखी एक लिटर ओता. वरचं पाणी अर्ध्या मिनिटात दिसेनासं झालं आणि खालून धार लागली तर लावायला हरकत नाही. डबकं दोन-तीन मिनिटं टिकलं तर कुंडी रिकामी करून पायरी २ पुन्हा. कंटाळा येतो, पण रोप लावल्यावर ही दुरुस्ती करता येत नाही.

## ४. रोप लावणं: नर्सरीचा गोळा

ट्रेमधलं टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांचं आणि मिरचीचं ३५ ते ४० दिवसांचं झालं की लावणीला येतं. खोड पेन्सिलच्या शिसासारखं बारीक आणि उंच असेल तर ते सावलीत लांबलेलं आहे, घेऊ नका. फुलं आलेलं रोप मोह पाडतं, तेही टाळा.

पिशवीतलं रोप असेल तर गोळा दाबून बघा. लांबून ट्रकने आलेली रोपं वाटेत माती सुटू नये म्हणून चिकणमातीत बांधलेली असतात. हा गोळा तसाच मऊ मिश्रणात ठेवला की पाणी सोपी वाट धरतं: आजूबाजूच्या भुसभुशीत मातीतून खाली. गोळा कोरडा राहतो. काकूंच्या कुंडीत नेमकं हेच झालं होतं.

म्हणून लावण्याआधी पिशवीसकट रोप पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. वीस-तीस मिनिटं लागतात. मग पिशवी ब्लेडने कापा आणि गोळ्याची बाहेरची एक-दीड बोट माती पाण्यातच हलक्या हाताने सोडवा. चारी बाजूंची मुळं मोकळी लोंबली पाहिजेत, मध्यावरची माती राहिली तरी चालेल. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते उलगडा, नाही उलगडलं तर कापा.

वेळ संध्याकाळची. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावता येतं, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरची मात्र होती त्याच पातळीला. लावून झालं की झारीने पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घाला, भोकातून गळेपर्यंत. तीन-चार दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, आठवड्याने पूर्ण ऊन.

सावध: पहिले दोन आठवडे रासायनिक खत नाही, गूळपाणी नाही, तांदळाचं धुवण नाही, चहाचा चोथाही नाही. साखरेच्या चहाचा चोथा म्हणजे मुंग्यांना आमंत्रण.

## ५. पहिले पंधरा दिवस पाणी

या काळात रोपाची सगळी मुळं मूठभर जागेत असतात. बाकीची कुंडी ओली आहे की कोरडी याने त्याला फरक पडत नाही. म्हणून पहिला आठवडा पूर्ण कुंडी भिजवायची नाही. उदबत्तीची जळून उरलेली काडी खोडापासून दोन बोटांवर खोचा, मिनिटभराने काढा. काडी ओलसर, माती चिकटलेली आली तर हात आवरा. कोरडी आली तर खोडाभोवती अर्धा पेला. उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा करावं लागेल, डिसेंबरात दोन दिवसांनी एकदा.

आठव्या दिवसापासून खोडापासून लांब, कडेकडेने पाणी घालायला लागा, म्हणजे मुळं तिकडे जातील. नवीन पान फुटलं की रोपाने माती धरली समजा.

कोकोपीटच्या मिश्रणात डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वरचा थर तासाभरात वाळून फिकट होतो, आणि दोन बोटं खाली माती गच्च ओली असते. बहुतेक जास्तीचं पाणी या फिकट रंगापायी पडतं.

## ६. त्यानंतरची रोजची पद्धत

रोज तपासायचं. पाणी मात्र गरज असेल तेव्हाच, आणि घालाल तेव्हा पूर्ण. बोट दोन पेरं आत घाला. तिथे कोरडं लागलं तर खालून गळेपर्यंत पाणी द्या. बारा इंची कुंडीला एका वेळी साधारण दीड ते दोन लिटर लागतं. रोज अर्धा तांब्या घातला तर वरची तीन बोटं भिजतात, मुळं वरच घुटमळतात आणि एक दिवस गावाला गेलात की रोप कोसळतं.

बोट घालायचं नसेल तर कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि सुकल्यावर एकदा उचलली की हाताला फरक कळतो. ग्रो बॅगच्या कानाला प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा लावला तर अंदाजाचीही गरज नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भिजवल्यावर १२ किलो असलेली बॅग साडेदहावर आली, तर दीड लिटर गेलं.

वेळ सकाळची. गच्चीवरच्या पाइपमध्ये अडकलेलं पाणी उन्हाळ्यात हात भाजेल इतकं तापतं, पहिली धार बादलीत सोडा. संध्याकाळी घालायचंच असेल तर मातीवर घाला, पानांवर नको. पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते.

ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. मुळं सडतात हे एक, आणि डासांच्या अळ्या होतात हे दुसरं.

कुठलं पाणी नको: आरओ मशीनचं टाकाऊ पाणी. त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. लादी पुसायला वापरा. सोसायटीत सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवला असेल तर त्यातून आलेल्या पाण्यात सोडियम असतं, तेही टाळा. एसीचं पाणी चालतं. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी खपली येत असेल तर ती खरवडून काढा आणि महिन्यातून एकदा नळाच्या किंवा पावसाच्या भरपूर पाण्याने कुंडी धुऊन काढा.

पावसाळ्यात ताटल्या काढून टाका, कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा, लहान रोपं छपराखाली घ्या. पण बाल्कनीत कुंडी असेल तर "पाऊस चालू आहे" म्हणून विसरू नका. आडव्या सरींनी पानं भिजतात आणि छज्जाखालची माती कोरडीच राहते. विदर्भात मे महिन्यात ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी आणि पालापाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन लागतंच. आच्छादन खोडाला टेकू देऊ नका.

## ७. बिघडलं तर आधी हे बघा

दुपारी माना टाकतं, संध्याकाळी उभं राहतं. उन्हाचा ताण आहे. माती ओली असेल तर पाणी घालू नका.

सकाळीच मान टाकलेली, माती ओली. मुळं सडतायत. पाणी बंद, कुंडी सावलीत, दोन दिवसांत फरक नाही तर रोप काढून काळी मुळं कापा आणि लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा. निम्मी मुळंही पांढरी राहिली नसतील तर सोडून द्या.

पाणी घातलं की लगेच खालून येतं. माती सुकून कडेपासून सुटली आहे. वरून कितीही ओतून उपयोग नाही. अख्खी कुंडी अर्धा तास टबात ठेवा.

मातीवर बारीक काळी चिलटं. वरचा थर सतत ओला आहे. पाण्यातलं अंतर वाढवा, वर बोटभर भरड वाळू पसरा.

टोमॅटोचं बूड काळं पडतंय. लोक चुना शोधायला धावतात. कुंडीत याचं नेहमीचं कारण म्हणजे कधी कोरडं ठाक, कधी तुडुंब. पाण्याच्या अशा ओढाताणीत कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं बघा, मग चुन्याचं ठरवा.

काकूंची मिरची वाचली नाही. कुंडीतली माती फेकायची नव्हती, म्हणून ती एप्रिलमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली महिनाभर उन्हात तापवली. काळं प्लॅस्टिक घालू नका, पारदर्शकच हवं. जूनमध्ये त्यात ताजं गांडूळखत चौथा हिस्सा मिसळून मेथी पेरली. मिरची, टोमॅटो, वांगं ही एकाच कुळातली, त्यामुळे त्या मातीत यांतलं काहीही पुढच्या वर्षापर्यंत लावायचं नाही असं ठरलंय. नव्या मिरचीसाठी दुसरी कुंडी भरलीय, आणि तिच्यात उदबत्तीची काडी खोचलेली आहे.